देव, देऊळ, डोंगर... आणि सांधा कुठाय?

ओळंबा

नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या. देवाधर्माचा धागा म्हटला की इथे काय होतं ते माहितीये, तरी काढतोय, कारण तीन महिने डोक्यात एकच गोष्ट फिरतेय आणि घरचे ऐकून कंटाळलेत.

आधी धंदा सांगतो कारण त्याचा संबंध आहे. मी टाइल आणि मार्बल बसवायची कामं घेतो, नाशिकला, २६ वर्षं झाली. आमच्या धंद्यात सगळी मारामारी सांध्याची. दगड कितीही भारीतला आणा, गिऱ्हाईक आधी सांधा बघतं. रेष सरळ आहे का, ग्राउट नीट भरलंय का, दोन फरशांची कडा पायाला लागते का. सवय अशी लागलीये की कुणाकडे जेवायला गेलो तरी नजर खाली. बायको म्हणते लग्नात पण तुम्ही माझ्याकडे नाही, हॉलच्या फरशीकडे बघत होतात. (खरं आहे. कोटा होता आणि लेव्हल गेलेली.)

तर जानेवारीत संभाजीनगरला भाच्याचं लग्न होतं, दुसऱ्या दिवशी सगळं वऱ्हाड वेरूळला. मी शाळेच्या सहलीत एकदा गेलेलो, तेव्हा फक्त माकडं आणि आवळे लक्षात राहिले. यावेळी १६ नंबरचं लेणं, म्हणजे कैलास, नीट बघितलं. सगळ्यांना माहीतच आहे की ते बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलंय, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक वगैरे. माहीत असणं वेगळं आणि तिथे उभं राहणं वेगळं. देवळाच्या जोत्याला सगळीकडून हत्ती आहेत, जणू त्यांच्याच पाठीवर देऊळ तोललंय. मी सवयीप्रमाणे खाली वाकलो आणि एका हत्तीचा पाय जिथे जमिनीला टेकतो तिथे अंगठ्याच्या नखाने चाचपडत बसलो. सांधा शोधत होतो. म्हणजे मला माहीत होतं की नसणार, तरी हात ऐकेना. पाय संपतो कुठे आणि फरशी सुरू होते कुठे, नखाला काही लागलंच नाही. मग सिक्युरिटीवाल्याने शिट्टी मारली, ओ काका, हात नका लावू.

उठून पुढे गेलो तर दक्षिणेच्या बाजूला तो रावण, कैलास पर्वत गदागदा हलवणारा. सगळे हात लावून जोर करतोय बिचारा, वर शंकर पार्वती बसलेत. आणि मला एकदम हसूच आलं. अरे हा रावण ज्या डोंगराला हलवतोय त्याच डोंगराचा तो स्वतः आहे! हलवणारा, हलणारा, वर बसलेला, सगळा एकच बेसॉल्ट.

तिथे मला आमच्या वडिलांच्या तोंडची ओवी आठवली. वडील दर एकादशीला कीर्तनाला बसायचे, मी पेंगायचो, पण ही एक डोक्यात राहिली होती, माऊलींच्या अमृतानुभवातली:

देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु ।
तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा ॥

म्हणजे एकाच डोंगरातून देव कोरता येतो, देऊळ कोरता येतं, समोर हात जोडून बसलेला भक्त पण कोरता येतो, मग सगळं एकच असूनही भक्तीचा व्यवहार का होऊ नये? लहानपणी मला ही उपमा वाटायची, बुवा लोक देतात तशी. वेरूळला ती नुसती उपमा राहिली नाही, जागच्या जागी मोजमापासकट उभी होती. पैठण, आपेगाव, नेवासं हा सगळा तिकडचाच मुलूख, ज्या माणसाने हे लिहिलं त्याच्या आसपास डोंगरात कोरलेली देवळं होतीच की.

आता माझं मत. कुणी गुरू केलेला नाही, कुठला ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचलेला नाही, सगळं माझ्या पदरचं आहे.

लहानपणी देव म्हणजे वरून बघणारा सुपरवायझर. आई म्हणायची खोटं बोललास तर देव बघतो, म्हणून मी खोटं बोलायच्या आधी देवघराचा पडदा ओढून यायचो. कॉलेजात (एकच वर्ष, पण तेवढं पुरलं) देव गेला. मग तिशीत एका गिऱ्हाइकाच्या घरी काम चालू असताना तिथे प्रवचन असायचं, तिथले महाराज रोज सांगायचे जग मिथ्या आहे, दिसतं ते नाही, दोरीवर साप दिसावा तसं. मी बाहेर पॉलिश मारत ऐकायचो. ज्या दिवशी त्या यजमानांनी माझं शेवटचं बिल लटकवलं त्या दिवशी माझा मायावाद संपला. सहा पोरांची मजुरी मी घरातून दिली, ती काही मिथ्या नव्हती.

आता मला वाटतं ते असं. देव जगाच्या बाहेर नाही. जगाच्या आत कुठेतरी लपलेलाही नाही, कारण आत म्हटलं की परत दोन वस्तू झाल्या, डबा आणि लाडू. देव आणि जग यांच्यात सांधा नाही. पण सांधा नाही म्हणजे हत्ती खोटा असंही नाही. हत्ती हत्तीच आहे, त्याला सोंड आहे, त्याच्या शेजारचा सिंह सिंह आहे, त्यांच्यात फरक आहे आणि तो फरक छिन्नीने मेहनत करून आणलेला आहे. कुणी म्हणालं की हे सगळं दगडच हो, हत्ती तुम्हाला भासतोय, तर त्या कारागिराचा अपमान आहे. आणि कुणी म्हणालं की हत्ती वेगळा आणून बसवलाय तर ते चूकच आहे. या दोन्हीच्या मधे जे काही आहे ते माझं देवाबद्दलचं मत.

आणि मी सकाळी पूजा करतो तेव्हा काय होतं? डोंगर डोंगराला फूल वाहतो. मला हे हास्यास्पद न वाटता उलट जरा हायसं वाटतं. मागणं वगैरे सुटलं जवळपास. जवळपास म्हणतोय, कारण पेमेंट अडकलं की अजून मागतोच.

तुमचं काय म्हणणं? शिव्या घातल्या तरी चालतील, फक्त मुद्द्याला धरून घाला.

चहाबाज

मस्त लिहिलंय. डबा आणि लाडू 😄 वाचतोय, येऊ द्या.

शंकानिरसन

चांगला धागा पण एक दुरुस्ती केल्याशिवाय राहवत नाही. 'मिथ्या' म्हणजे खोटं नव्हे हो. हे प्रवचनकारांनी आणि त्यांच्या श्रोत्यांनी करून ठेवलेलं नुकसान आहे. शंकराचार्य जगाला सशाच्या शिंगाच्या पंगतीत बसवत नाहीत. ससा आहे, शिंग नाहीच, ते 'असत्'. जग तसं नाही, ते अनुभवाला येतं, व्यवहारात चालतं, त्याला व्यावहारिक सत्ता आचार्यांनी स्पष्ट दिलेली आहे. फक्त ब्रह्माच्या ज्ञानानंतर ते बाधित होतं, म्हणजे खोडलं जातं, म्हणून ते 'सत्' पण नाही. सत् नाही, असत् नाही, म्हणून अनिर्वचनीय. तुमच्या मजुरांचे पैसे व्यावहारिक सत्तेतच द्यायचे असतात आणि यजमानांनी ते बुडवले तर तो शांकरमतानेही अधर्मच!

दुसरं, तुमचं जे मत आहे ते तुम्ही म्हणता तितकं तुमच्या पदरचं नाही. जग म्हणजे ईश्वराचं शरीर असं रामानुज म्हणतात, पण तिथे शरीर आणि शरीरी (शरीराचा धनी) हा भेद राहतो, तुम्हाला तेवढाही सांधा नकोय. तुम्ही खरे चिद्विलासवाले, म्हणजे जग हा चैतन्याचाच खेळ मानणारे. ज्ञानेश्वरांनी त्याच ग्रंथात अज्ञान नावाची वस्तूच खोडून काढायला एक अख्खं लांबलचक प्रकरण खर्ची घातलंय, कारण अज्ञान मानलं की ब्रह्माच्या जोडीला दुसरं काहीतरी आलं. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तीनाथ या नाथांच्या वाटेने शैव विचार त्यांच्याकडे आला, त्यात शिव आणि शक्ती हे नवराबायको एकमेकांशिवाय दिसतच नाहीत. काश्मीरकडचं शैव मतही याच्या जवळचं.

ओळंबा

@शंकानिरसन, बरं झालं सांगितलंत. महाराजांनी व्यावहारिक सत्तेचं आम्हाला कधी सांगितलं नाही, कदाचित यजमानांनाही नसेल सांगितलं :)
पण एक विचारतो. नंतर बाधित होणारच असेल तर आत्ता दिलेली सत्ता म्हणजे भाड्याचं घर झालं ना? मला हत्ती मालकीचा हवाय.

नास्तिक_नाना

ओळंबा, लेखन आवडलं म्हणून शिव्या कॅन्सल. मुद्दा मात्र ठोकतो.

सगळंच देव असेल तर देव या शब्दाने तुम्ही नेमकं काय वाढवलंत? दुकानात प्रत्येक वस्तूवर सेलची पाटी लावली की पाटीला अर्थ राहत नाही. डोंगराला डोंगर म्हणा की सरळ. बेसॉल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून झालेला, त्यात माणसांनी हातोडा छिन्नी घेऊन पिढ्यान्‌पिढ्या काम केलं. यात थक्क व्हायला भरपूर आहे, वर देवाचं ग्राउट कशाला भरताय, तुम्हीच म्हणताय ना सांधा नाही म्हणून.

हे युरोपात आधी होऊन गेलंय. स्पिनोझा नावाचा माणूस, अ‍ॅमस्टरडॅमचा ज्यू, पोटापाण्याला भिंगं घासायचा, म्हणजे तुमच्यासारखाच पॉलिशवाला. देव आणि निसर्ग एकच म्हणायचा. १६५६ ला त्याच्या समाजाने त्याला बहिष्कृत केलं, तेव्हा वय २३. ख्रिश्चन लोक पण त्याला नास्तिकच म्हणायचे आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं! १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रबायने आइन्स्टाइनला तार करून विचारलं देव मानता का, तर तो म्हणाला स्पिनोझाचा मानतो. म्हणजे काय, तर नियमांची सुंदर मांडणी मानतो, माणसांच्या बऱ्यावाईटात लक्ष घालणारा कुणी मानत नाही. मग ते मीही मानतो. मी नास्तिक आहे आणि तुम्हीही आहात, तुम्हाला घरी सांगायची भीती वाटतेय इतकंच.

ओळंबा

नाना, हा दणका जोरात बसला. दोन दिवस विचार करून लिहितोय.

फरक आहे तो तोंडाचा. डोंगराला तोंड नसतं. त्याच्यात कोरलेल्या देवाला असतं. डोंगराकडे बघून मी थक्क होईन पण बोलणार कुणाशी. माऊलींनी त्या ओवीत नुसतं सगळं एक आहे म्हणून सोडलं नाही, 'व्यवहार' म्हणाले, आणि व्यवहाराला दोन लागतात. मला बोलायला तोंड लागतं. तुम्ही म्हणाल ही तुमची गरज झाली, पुरावा नाही. मान्य. पण ती गरज पण त्याच डोंगरातून आलीये ना, ती काय मी बाहेरून ट्रकने मागवली?

घरी सांगायची भीती वाटते हे मात्र खरं, पण वेगळ्या कारणाने. 'सांधा नाही' म्हटलं की आई म्हणते मग नवस कुणाचा फेडू.

दंडवत

दंडवत प्रणाम. मी महानुभाव घरातला, त्यामुळे हा धागा वाचून गप्प बसणं शक्य नव्हतं.

तुम्ही वेरूळला जाऊन अद्वैत घेऊन आलात. आमचे सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी त्याच वेरूळला राहिलेले आहेत, लीळाचरित्रात एळापूर म्हणून येतं. डोंगर तोच पण त्यांचं सांगणं अगदी उलट. आमच्याकडे जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ, चारही अनादि, चारही वेगळे. एकाचा दुसरा होत नाही. तुम्ही ज्यांना देव म्हणून हात जोडता त्या देवता, परमेश्वर त्यांच्याही पलीकडचा. आणि जीव कधीही परमेश्वर होत नाही, मोक्षातसुद्धा नाही, तो परमेश्वराचा आनंद भोगतो.

तुम्हाला सांधा नाही याचं हायसं वाटलं. मला सांधा आहे याचं वाटतं. कारण वेगळा असेल तरच तो माझ्यासाठी येऊ शकतो. डोंगर डोंगराकडे कुठून येणार? आम्ही मूर्ती पूजत नाही, स्वामी जिथे बसले उठले त्या जागी ओटा असतो त्याला नमस्कार करतो, आणि त्या स्थानाचा दगड घरी असतो, त्याला विशेष म्हणतात. आमच्या आजीकडे लिंबाएवढा होता, रेशमी कापडात गुंडाळलेला, ती तो उलगडायची तेव्हा आम्हाला खोकायचीही परवानगी नसायची. तो दगड देव नाही हे तिला पक्कं माहीत होतं. त्याला त्याचा संबंध झालाय, स्पर्श झालाय, म्हणून. स्पर्श व्हायला दोघं वेगळे लागतात हो.

वसईची_केळी

@दंडवत, शेवटचं वाक्य आमच्या फादरांनी ऐकलं तर रविवारी वापरतील!

आम्ही वसईचे ख्रिस्ती, आमच्याकडे तर सांधा नाही, मधे आख्खी दरीच आहे. देवाने जग शून्यातून निर्माण केलं, स्वतःतून काढलं नाही. म्हणजे डोंगर कोरला असंही नाही, डोंगर पण नव्हता. त्यामुळे जग देव नाही, एक कणही नाही, आणि तरी चांगलं आहे असं पहिल्याच पानावर देव स्वतः म्हणतो. मला ते आवडतं, की जग देव नसूनही त्याला आवडलं. स्वतःचाच भाग आवडण्यात काय विशेष?

पण मग ख्रिस्तजन्म. ज्याच्या आणि आपल्या मधे दरी आहे तोच माणूस होऊन आला, भूक लागणारा, थकणारा. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर एकाच ठिकाणी, बेथलेहेममध्ये, सांधा असा भरला की नख लागत नाही. हे मराठीत ओवी छंदात लिहिलेलं आहे बरं का, फादर स्टीफन्स, मूळचे इंग्लंडचे, १५७९ ला गोव्यात आले आणि १६१६ ला ख्रिस्तपुराण. आपल्या भाषेचं कौतुक कुठलंही करायचं झालं की त्यांच्याच ओळी काढतात लोक.

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून सांगतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. लहानपणी मी रडलेले.

मिरगाचा_पाऊस

ह्या सगळा वाचून माका वाटता तुम्ही लोक देवाक लय लांब नेऊन ठेवलात. आमच्या तळकोकणात असला काय नाय. आमचो देव गावचो असता. त्येका हद्द असता.

आता जरा शुद्ध लिहितो नाहीतर संपादक ओरडतील. आरवलीचा वेतोबा ऐकला असाल, वेंगुर्ल्याकडे. तो रात्री गावभर फिरतो राखणीला, म्हणून त्याला चपला वाहतात, चामड्याच्या, ह्या एवढ्या मोठ्या. आणि त्या झिजतात असं लोक सांगतात. आमची आजी म्हणायची चपला झिजल्या नाहीत तर समजायचं देव बसून आहे. विचार करा, ज्याच्या चपला झिजतात असा देव. तुमचा तो डोंगर आणि शंकानिरसन यांचं अनिर्वचनीय, त्यांच्या पायात चपला घालून दाखवा!

आणि गाऱ्हाणं घालतात ते ऐकलंय का कधी? सरळ हिशेब असतो. बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराने अमुक कबूल केलेलं, ते आज पुरं केलं, आता तू पण तुझी बाजू सांभाळ. मागे सगळे ओरडतात, व्हय म्हाराजा! त्यात देवाला दम पण भरतात कधी कधी. उत्तर हवं असेल तर कौल लावायचा, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर परत विचार. द्वैत की अद्वैत हे देवाला कुणी विचारत नाही, म्हशीचं दूध का आटलं ते विचारतात.

नास्तिक_नाना

व्हय म्हाराजा! इतक्या प्रतिसादांत माझ्या मताच्या सगळ्यात जवळचा हाच देव. निदान कामाला तरी जातो.

पेणकर_काका

उशिरा आलो, सीझन चालू आहे. आमचा गणपतीचा कारखाना, पेणला, आजोबांपासून.

मूर्ती आमच्याकडे शेडमध्ये रॅकवर असते तेव्हा ती माल असते. हे बोललं की लोकांना राग येतो पण खरं आहे. पोरं तिच्यावर कोपर टेकून डबा खातात. शेवटी डोळ्यांची आखणी. ती मी स्वतः करतो, बाकी कुणी केलेली चालत नाही. बुबुळ भरून झालं की त्यानंतर मूर्तीसमोर शिवी कुणी देत नाही, असं सांगावं लागत नाही, आपोआपच बंद होते. अजून प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, शास्त्राने ती अजून शाडूच आहे. पण डोळे आलेत.

आणि दुसरं टोक. घरी दीड दिवसाने उत्तरपूजा झाली, अक्षता टाकल्या की मूर्ती जागेवरून जराशी सरकवायची. एवढीशी, बोटभर. तेवढ्याने गणपती गेला. मग जी पाण्यात जाते ती माती. यान्तु देवगणाः म्हणतात तेव्हा पुनरागमनाय च असंही म्हणतात, म्हणजे जा आणि परत ये. सांधा आहे की नाही मला कळत नाही ओळंबा, पण माझ्या अनुभवाने तो जागेत नसतो, वेळेत असतो. दीड दिवस नसतो, मग असतो.

चहाबाज

काका _/\_ बोटभर सरकवणं डोळ्यासमोर आलं.

शंकानिरसन

पेणकर काकांचा मुद्दा शास्त्राला धरूनच आहे. पार्थिव (मातीच्या मूर्तीची) पूजा ही मुळात तात्पुरत्या आवाहनाचीच. आवाहन करायचं म्हणजे जो सर्वत्र आहे त्याला 'इकडे ये' म्हणायचं, यातली विसंगती जुन्यांना कळत नव्हती असं नाही. आपल्या मनाला जागा मिळावी म्हणून ते.

अनघा_सा

मी एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, इथे चुकून आले आणि सगळं वाचलं.

ओळंबा दादा, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही सांगितलंत की हत्ती, देव, देऊळ, भक्त सगळा एकच डोंगर. पण कोरून काढलं म्हणजे काय, जेवढं देऊळ नाही तेवढं सगळं फोडून काढलं ना. ते किती असेल? देवळाच्या चारी बाजूंनी आख्खं अंगण मोकळं आहे, मी फोटो बघितले. देऊळ जेवढं आहे त्याहून जास्तच दगड गेला असेल. त्याचं काय? तो पण देवच होता ना?

माझा धाकटा भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. २९ वर्षांचा होता. बेड मिळाला तेव्हा उशीर झालेला. मला त्यावेळी सगळ्यांनी सगळं सांगितलं, आत्मा अमर आहे, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, सगळं त्याच्याच इच्छेने. तुमचा धागा त्या सगळ्यांपेक्षा बरा आहे म्हणून विचारतेय. सुंदर हत्ती बघायला सगळे जातात. माझा भाऊ छिन्नीने उडवलेल्या कपच्यांत गेला का?

शंकानिरसन

अनघाताई, फार वाईट वाटलं वाचून. तत्त्वतः बघायचं झालं तर जे घडतं-मोडतं ते नामरूप, मूळ वस्तूला हानी नाही, घट फुटला तरी आकाश

शंकानिरसन

वरचा प्रतिसाद अर्धवट असताना चुकून गेला. पूर्ण करत नाही. माफ करा ताई.

मिरगाचा_पाऊस

ताई, 🙏

नास्तिक_नाना

अनघा, माझ्या बाजूचे लोक अशा वेळी म्हणतात की बघा, म्हणून देव नाही. तेही मी आज म्हणणार नाही, त्याने तुमचा काय फायदा. भावाचं नाव इथे लिहू नका पण तो कसा होता ते लिहावंसं वाटलं तर लिहा, आम्ही वाचू.

अनघा_सा

गाड्यांचं वेड. दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून सांगायचा कशात बिघाड आहे. देवबिव फारसा मानत नव्हता पण दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायचा, तो हार मात्र दिवाळीपर्यंत काढू द्यायचा नाही, अगदी वाळून खराटा झाला तरी.

ओळंबा

अनघाताई, चार दिवस उत्तर दिलं नाही, टाळत नव्हतो. तीनदा लिहिलं आणि पुसलं. पहिल्यांदा लिहिलं होतं की कपची पण डोंगरच. ते खरं आहे, निदान मला खरं वाटतं, पण ते वाचायला तुम्ही आहात हे लक्षात आलं आणि पुसलं.

आमच्याकडे टाइल बसवून झाली की दुसऱ्या दिवशी नाणं घेऊन ठोकत जायचं. खाली मसाला नीट बसला असेल तर आवाज भरीव येतो. कुठे हवा राहिली असेल तर पोकळ वाजतं. वरून बघायला टाइल एकदम छान असते, लेव्हलला असते, सांधा सरळ असतो, नाणं मारल्याशिवाय कळत नाही. शंकानिरसन, नाना, दंडवत, वसईच्या ताई, सगळ्यांनी नाणं मारलं, मी आपला भरीव वाजवून दाखवत होतो. तुमच्या प्रश्नाला पोकळ वाजलं. तिथे माझ्याकडे खाली काही भरलेलं नाही.

अशी टाइल आम्ही काढतो आणि परत बसवतो. वरून ग्राउट ओतून भागवणारे आहेत, पण ते दोन वर्षांत उखडतं. मला मत टाकून द्यायचं नाहीये, पण ती एक टाइल आत्ता काढून ठेवलीये.

त्या दगडाचं मी गाईडला तिथेच विचारलं होतं, एवढा माल टाकला कुठे म्हणून. तो म्हणाला, साहेब, हे विचारणारे तुम्ही पहिलेच नाही, पुढे चला.

पेणकर_काका

आमच्याकडे उरलेली माती परत भिजवतो. हे उत्तर म्हणून सांगत नाहीये ताई, आठवलं म्हणून सांगितलं.

अनघा_सा

पोकळ वाजलं म्हणालात ते बरं वाटलं. चार वर्षांत असं म्हणणारे तुम्हीच. मला खरंतर उत्तर नकोच होतं.

वेरूळला एकदा जाऊन यावं म्हणतेय, देऊळ बघायला नाही, ते मोकळं अंगण बघायला. साताऱ्याहून लांब आहे पण मिस्टरांना सुट्टी आहे. काही सूचना असतील तर सांगा.

ओळंबा

नक्की जा. मंगळवार सोडून, मंगळवारी लेणी बंद असतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा, नंतर शाळांच्या सहली येतात. आणि आधी खालून आत शिरू नका. बाजूने डोंगरावर जायला पायवाट आहे, वर जाऊन कड्यावरून खाली बघा. तिथून तो कापलेला खड्डा पूर्ण दिसतो, मागच्या भिंतीवर छिन्नीचे वार अजून आहेत, उभे उभे.

चहाबाज

वर सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी घ्या. आणि लहान मुलं असतील तर कड्याजवळ हात धरून ठेवा.